विसार देण्याआधी : भाड्याच्या पहिल्या घराचे कानमंत्र

बाळा, तू पर्मनंट झालास, हातात चार पैसे राहू लागले आणि लगेच विचारलंस, "आत्या, भाड्याने द्यायला एखादं घर घेऊ का?" घे की. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कितीतरी कामगारांचं म्हातारपण दोन-चार खोल्यांच्या भाड्याने सावरलं आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मागून एमआयडीसी, टेल्को, बजाज आले, पुढे चाकण आणि तळेगाव उभं राहिलं. कारखाना आला की माणसं येतात, आणि माणसांना डोक्यावर छप्पर लागतंच.

तेव्हा माझी ना नाही, फक्त घाई नको. मला सांगायचंय ते एवढंच: घर रिकामं पडलं तरी ज्याचा हप्ता तुला जड जाणार नाही, तेवढंच घर घे. खालचं सगळं याच वाक्याची फोड आहे. एकेक मुद्दा सावकाश वाच, मधले गाळून शेवटावर उडी मारू नको. लहानपणी गणिताच्या पुस्तकात आधी उत्तरं बघायचास, ते मला आठवतंय.

आधी खिसा

१. सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढ, मगच घरं बघायला बाहेर पड — भाडेकरू दोन महिने मिळाला नाही तरी बँक ठरल्या तारखेला पैसे कापतेच. रिकाम्या खोलीलाही हप्ता असतो.

२. हप्त्याचा हिशोब नेहमीच्या पगारावर कर, ओव्हरटाइम त्यात धरू नको — कंपनीची ऑर्डर कमी झाली की सगळ्यात आधी ओव्हरटाइम जातो.

३. गाडीचा, मोबाइलचा, कामगार पतपेढीचा आणि हा नवा, असे सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेव — उरलेल्या दोन हिश्शांत घर, आजारपण, मुलांच्या फिया आणि गावाकडची लग्नं बसवायची असतात.

४. किमतीखाली वरचा खर्च लिहून काढ — महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का, पण ही फी ३०,००० रुपयांच्या वर नाही. तीस लाखांच्या फ्लॅटला हेच २ लाख ४० हजार होतात, आणि बँक ते कर्जात धरत नाही.

५. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणून सूनबाईंशी आधी बोल — दोघांची नावं घातली की ती सवलत जाते. पैसे सगळे तुझे असतील, तर भाड्याचं उत्पन्न कर खात्याच्या लेखी तुझंच राहतं, हेही ध्यानात ठेव.

६. बँक तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण तू तेवढं मागू नको — जास्त कर्ज म्हणजे जास्त हप्ता, आणि भाडं काही त्या हप्त्याकडे बघून वाढत नाही.

७. स्वतःचा हिस्सा भिशीतून, मित्राच्या उसनवारीतून किंवा क्रेडिट कार्डातून उभा करू नको — त्यांची परतफेड आणि बँकेचा हप्ता एकाच महिन्यात दारात उभे राहतात.

मग आकडेमोड

८. "भाड्यातच हप्ता निघतो" असं कोणी म्हणालं की कागद-पेन काढ. समज, फ्लॅट तीस लाखांचा, कर्ज वीस लाखांचं, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं, तर हप्ता येतो जवळपास १८,००० रुपये. भाडं दहा हजार आलं आणि त्यातून मेंटेनन्सचे दीड हजार गेले, तर उरले साडेआठ — म्हणजे दर महिन्याला साडेनऊ हजार तुझ्या पगारातून जाणार. हे झेपत असेल तर पुढे जा, नाहीतर घर लहान कर.

९. वर्षाचं भाडं अकरा महिन्यांचंच धर — एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रंग, नळ आणि एजंट यांत महिना निघून जातो. भाडं अकरा महिन्यांचं, खर्च तेरा महिन्यांचा.

१०. त्याच वीस लाखांची मुदत २० ऐवजी १५ वर्षं केलीस तर महिन्याला साधारण २,३०० रुपये जास्त जातात आणि व्याजात साडेसहा लाखांहून जास्त वाचतात — पण तिसऱ्या मुद्द्यात बसत असेल तरच. नाहीतर वीस वर्षं ठेव आणि जमेल तसं आगाऊ भर.

११. कर्ज बदलत्या व्याजदराचं घे — रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही. दिवाळीचा बोनस आणि वेतनकरार झाल्यावर हातात येणारा फरक सरळ मुद्दलात घालता येतो.

१२. आगाऊ रक्कम भरताना बँकेला लेखी सांग की हप्ता आहे तोच राहू दे, मुदत कमी करा — हप्ता कमी झाला तर सुटलेले पैसे बाजारात विरतात, मुदत कमी झाली तर व्याज वाचतं.

१३. वर्षातून एकदा आपला व्याजदर नव्या कर्जदाराच्या दराशी ताडून बघ — ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधलेली असतात. तरी जुन्या कर्जदाराचा दर मागे राहिला तर तो त्यालाच शोधून अर्ज करावा लागतो.

१४. बँक नाही म्हणाली म्हणून लगेच जास्त व्याजाच्या पतसंस्थेकडे धावू नको, आधी नकाराचं कारण विचार — पगार चांगला असूनही बँक मागे सरते, तेव्हा पुष्कळदा तिच्या वकिलाला कागदांत खोट दिसलेली असते. ती खोट तुझ्याही गळ्यात पडणार असते.

१५. कर्जाएवढ्या रकमेचा साधा टर्म विमा काढ — घर मागे ठेवावं, हप्ता मागे ठेवू नये.

जागा बघताना

या घरात तू राहणार नाहीस. तुला खिडकीतून काय दिसतं ते राहू दे, राहणाऱ्याला काय लागतं ते बघ.

१६. भाडेकरू कोण, हे घराआधी ठरव — निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडीत शिफ्टवाला कामगार आणि ट्रेनी एक खोली किंवा वन आरके शोधतो. मोशी, चिखली, भोसरीकडे शाळकरी मुलांचं कुटुंब वन बीएचके मागतं, आणि वाकड, ताथवडे, पुनावळ्याकडे हिंजवडीचा आयटीवाला येतो.

१७. जागा शिफ्ट सुटताना बघ, सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री अकराला — कंपनीची बस कुठे थांबते, तिथून खोलीपर्यंत दिवे आहेत का, चाकणच्या तळेगाव चौकात किती वेळ अडकायला होतं, यातलं काहीही रविवारी दुपारी दिसत नाही.

१८. बसथांब्यापासून चालत दहा मिनिटांच्या आतली जागा मिळाली तर थोडी लहान असली तरी घे — थर्ड शिफ्ट करून आलेल्याला आधी झोप हवी असते.

१९. पाणी मे महिन्यात बघ आणि एजंटाऐवजी शेजारणीला विचार — महापालिका हद्दीत नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येऊन बसतो. पाणी बघून खोली, खोली बघून भाडं.

२०. एकाच कंपनीच्या गेटवर विसंबून जागा घेऊ नको — बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन २००७ साली थांबलं, जनरल मोटर्सचं तळेगावातलं डिसेंबर २०२० मध्ये. चार-पाच कंपन्यांच्या मधली जागा असली की एकीकडची माणसं हलली तरी दुसरीकडची येतात.

२१. पहिलं घर तयार घे, बांधकाम चालू असलेलं नको — तयार घराचं भाडं लगेच सुरू होतं आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही. अर्धवट इमारतीत हप्ता आज सुरू होतो, भाडं कधी ते बिल्डरला ठाऊक.

कागद आधी, कौतुक नंतर

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळू नको. भाडेकरू चुकला तर तो बदलता येतो. कागद चुकला तर बदलता येत नाही.

२२. तळवडे, रुपीनगर, निगडी-चिखलीच्या कडेची जागा असेल तर रेड झोनचा नकाशा आधी बघ — देहूरोडच्या दारूगोळा कोठारापासून २,००० यार्डांच्या आत बांधकामाला बंदी आहे. तिथे घरं उभी दिसतात, लोक राहतातही, पण बँक कर्जाला हात आखडते आणि पुढे विकताना गिऱ्हाईक मिळत नाही.

२३. पवना, इंद्रायणी किंवा मुळेच्या काठची जागा असेल तर निळी पूररेषा कुठून जाते ते महापालिकेतून लेखी घे — मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले न्यायालयीन आदेशाने पाडले गेले. तीही कष्टाच्या पैशांनी बांधलेली घरं होती.

२४. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि अर्धा-एक गुंठ्याचा स्वस्त प्लॉट दाखवणारे चाकणपासून आळंदीपर्यंत भेटतील. त्याचा सातबारा उघडून बघ — नावांची लांबच लांब रांग असली तर तू त्या सगळ्यांबरोबरचा सहहिस्सेदार होतोस, आणि एकाचं भांडण सगळ्यांच्या दारात येतं. स्वस्त गुंठा, घरात तंटा.

२५. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे आणि अलीकडे त्यात सवलती आल्या आहेत. तुझा प्लॉट त्या सवलतीत बसतो का, हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नको, आपल्या वकिलाकडून लिहून घे — सवलतीच्या अटी विकणारा कधी पूर्ण सांगत नाही.

२६. नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर किंवा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर घेऊ नको, नोंदणी झालेलं खरेदीखतच हवं — अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितलं आहे. साठेखत हे वचन झालं, खरेदीखताने ते पुरं होतं.

२७. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून काढ, बिल्डरच्या वकिलाकडून नको — ज्याची फी जो देतो, त्याच्याकडे तो बघतो.

२८. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हातात आला म्हणून हरखू नको — तो कर आकारणीची नोंद दाखवतो, बांधकामाची परवानगी नाही. चाकणच्या आजूबाजूच्या गावांत ही परवानगी बहुतेक ठिकाणी पीएमआरडीएकडे बघावी लागते, आणि बिनशेती आदेशही विचारावा लागतो.

२९. नव्या इमारतीचा महारेरा नंबर संकेतस्थळावर घालून बघ, आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांवर एक रुपया देऊ नको — कायद्यानेच बिल्डरला त्याहून जास्त घेता येत नाही. "आजच ऑफर संपते" म्हणाला तर संपू दे.

३०. प्राधिकरणातलं घर असेल तर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे हे धरून चाल — हस्तांतराची परवानगी आणि शुल्क कोणी भरायचं, हे विसार देण्याआधी कागदावर आलं पाहिजे.

३१. जुना फ्लॅट घेताना सोसायटीचा 'थकबाकी नाही' दाखला, भागपत्र, कराची आणि विजेची शेवटची पावती माग — आधीच्या मालकाची उधारी नव्या मालकाच्या दारावर चिकटते.

३२. खरेदीनंतर महिनाभरात महापालिकेच्या कर नोंदीत, महावितरणच्या मीटरवर आणि सोसायटीच्या वहीत आपलं नाव लावून घे — आळसाने राहिलेली नोंद विकायच्या वेळीच आठवते.

खोली राहण्याजोगी करताना

३३. चार-सहा खोल्या असतील तर प्रत्येक खोलीला महावितरणचा स्वतंत्र मीटर घे — घरगुती विजेचा दर पहिल्या १०० युनिटना कमी, पुढे टप्प्याटप्प्याने चढत जातो. सहा खोल्या ८०-८० युनिट जाळत असतील तर वेगवेगळ्या मीटरवर सगळे खालच्या दरात राहतात. एकाच मीटरवर ते ४८० होतात, आणि मग ते जास्तीचे पैसे कोणी द्यायचे यावरून जिन्यात भांडण.

३४. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारं यंत्र बसवून घे, वायरमनचा परवाना बघ — ओल्या हाताने बटण दाबणारं पोर त्या घरात असणार आहे.

३५. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावू नको — त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. खिडकी नसेल तर विजेचा लाव.

३६. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरायला मनाई, हे पहिल्याच दिवशी प्रेमाने पण स्पष्ट सांग, आणि नवीन आलेल्या पोरांना गॅस जोडणी मिळवायला मदत कर — नुसती बंदी घातली की काम चोरून होतं.

३७. पहिल्या मोठ्या पावसानंतर स्वतः जाऊन भिंतींना हात लाव — जूनमध्ये लिंबाएवढा दिसणारा ओलीचा डाग वेळीच बुजवला तर गवंड्याचा एक दिवस लागतो, दिवाळीपर्यंत ठेवला तर पूर्ण गिलावा काढावा लागतो.

३८. दर महिन्याच्या भाड्याचा दहावा हिस्सा डागडुजीच्या खात्यात टाक — मोटार जळायला पगाराची तारीख बघत नाही.

भाडेकरू हा माणूस आहे

३९. लातूर, बीड, नांदेडहून किंवा बिहार-ओडिशाहून आलेल्या पोराला आडनाव आणि जात विचारून परत पाठवू नको — काम कुठे, पगार कसा, सोबत कोण, एवढंच विचार. हा सगळा पट्टा बाहेरून आलेल्या हातांनीच उभा केला आहे.

४०. आधार कार्डाची प्रत, कंपनीचं ओळखपत्र आणि गावाकडच्या एका नातलगाचा नंबर घे — रात्री कोणी आजारी पडलं तर फोन कुणाला करायचा, हे आधी माहीत हवं.

४१. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे आठवडाभरात दे — १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि चाकणही त्यातच येतं. ऑनलाइन अर्ज भरायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ पुढे खुलासे करण्यात जातो.

४२. भाऊबंदांतला असो की मित्राचा मेहुणा, लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नको — १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

४३. त्या खर्चाला घाबरू नको — मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी शहरात १,००० आणि गावात ५०० रुपये. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, चहा होईपर्यंत काम आटोपतं.

४४. नोंदणीचा मोठा फायदा मुदत संपल्यावर कळतो — भाडेकरू निघाला नाही तर वर्षानुवर्षांचा दावा न लावता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि राहिलेल्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं.

४५. कितीही राग आला तरी पाणी-वीज तोडू नको आणि बाहेरून कुलूप घालू नको — आवश्यक सोयी तोडणं त्याच कायद्यात गुन्हा आहे, आणि रागाच्या एका संध्याकाळीने तुझी खरी बाजू खोटी पडते.

४६. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढंच घे आणि वेगळ्या खात्यात ठेव — ठेव ती ठेव, तिला कमाई समजू नये. निघताना त्या माणसाला गाडीभाडं त्यातूनच करायचं असतं, म्हणून किल्ली घेतल्या दिवशीच परत कर.

४७. किल्ली देताना दोघांनी मिळून मीटरचा, नळांचा, फरशीचा आणि पंख्यांचा फोटो काढा, आणि तो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा — लिहिलं ते टिकलं, बोललं ते विरलं.

४८. भाड्याची तारीख दहा ठेव — या पट्ट्यात बहुतेक पगार सात ते दहाच्या दरम्यान होतात. एक तारखेला मागशील तर बिचारा दर महिन्याला उधारीने सुरुवात करील आणि तू दर महिन्याला चिडशील.

४९. न विचारता खोलीत शिरू नको, फोन करून जा — भाडं दिलं तेवढे दिवस ते घर त्याचं. थर्ड शिफ्टवाला दुपारी झोपलेला असतो हे विसरू नको.

५०. दोन वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्याचं भाडं शेजाऱ्यापेक्षा थोडं कमीच वाढव — तो गेला तर एक रिकामा महिना आणि एजंटाची दलाली, म्हणजे वर्षभराची वाढ गेलीच. टिकला भाडेकरू, वाढली मिळकत.

वही, कर आणि वाईट दिवस

५१. प्रत्येक घराची वेगळी वही ठेव आणि भाडं खात्यावरच घे — पुढच्या कर्जाच्या वेळी बँक खात्यात दिसलेलं भाडं आणि नोंदवलेला करारच मानते, पाकिटातलं भाडं कोणी मोजत नाही.

५२. भाडं विवरणपत्रात दाखव — भरलेला घरपट्टी कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, वर कर्जाचं व्याजही वजा होतं. नव्या करपद्धतीत व्याजामुळे आलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही, म्हणून कोणती पद्धत परवडते ते मार्चआधी विचारून घे.

५३. सोसायटीने घर भाड्याने दिल्याचं शुल्क लावलं तर ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच असू शकतं — शासनाचा आदेश २००१ सालचा आहे. तो दाखव, पण आवाज न चढवता; त्याच सभेत पुढच्या वर्षीही बसायचं आहे.

५४. मंदी येणारच असं धरून चाल — २०१९ साली वाहन कंपन्यांनी उत्पादन थांबवण्याचे दिवस वाढवले, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि माणसं पायी गावाकडे निघाली. अशा वेळी ज्याच्याकडे सहा महिन्यांची शिल्लक असते त्याला भाडं थांबवून माणूस टिकवता येतो, आणि माणुसकीही.

५५. घराला नॉमिनी नोंदव आणि साधं मृत्युपत्र करून ठेव — नॉमिनी फक्त सांभाळणारा असतो, मालक कोण ते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतं. दोन खोल्यांपायी भावंडं बोलेनाशी झालेली घरं या गल्लीतच आहेत.

५६. पहिलं घर दोन पावसाळे आणि दोन भाडेकरू बघेपर्यंत दुसऱ्याचं नाव काढू नको — पहिल्या घराने शिकवलेलं दुसऱ्यात उपयोगी पडतं, घाईत घेतलेलं दुसरं मात्र पहिल्यालाही विकायला लावतं.

एवढं सगळं वाचून घाबरलास की काय? घाबरू नको. यातली बहुतेक कामं एकेका दुपारची आहेत, आणि ती आधी केली की पुढची वीस वर्षं स्वस्थ झोप लागते. घर पसंत पडलं की सातबारा, इंडेक्स टू, बँकेचं पत्र आणि तुझी आकडेमोड घेऊन रविवारी माझ्याकडे ये. सूनबाईंना आण, जेवूनच जा. फक्त विसार देण्याआधी ये, बाळा. दिल्यानंतर आलास तर जेवण तेच मिळेल, सल्ला मात्र कामाचा राहणार नाही.